खोकल्याचं सोंग

आबा, मी आज लई खुशीत हाय. सकाळपासून तिसरा चहा झाला, मधीच एकटी हसते, तर नात म्हणती, आजी, तुला झालंय तरी काय? झालं हे, की ज्या शिपायानं तुम्हाला जेलात खोकत ठेवलं, त्याला काल मी चार माणसांत घाम पुसताना पाहिलं. तुम्ही गेला तेव्हा माझी थोरली अंगावर पीत होती, आता तिचीच पोरगी वकिली करती. इतकी वर्सं मी या दिवसाची वाट पाहिली.

पण आधी पाचोडचा बाजार सांगते, तुम्हाला ठाऊक असला तरी. भारुडात तुम्ही खोकणारा म्हातारा व्हायचा. डोक्याला फडकं, हातात काठी, सुनंला हाक मारता मारता अशी ढास लागायची की बाजार पोट धरून हसायचा. त्यातला निम्मा खोकला खरा हाय, हे फक्त आपल्या घराला ठाऊक. रात्री आई अडुळशाचा काढा द्यायची आणि तुमची छाती शिट्टी वाजवायची. मी त्या शिट्टीवरच झोपायची. एकदा आईचा पदर डोक्यावर घेऊन चुलीपुढं मी तुमची नक्कल केली. सगळे हसले, तुम्ही नाय. हातातली भाकर ताटात ठेवली आणि म्हणाला, "पोरी, खोकल्याचं सोंग ज्याला खोकला हाय त्यानंच करावं. दुसऱ्यानं करू नये." मी रडले, मग तुम्हीच मला गुळाचा खडा दिला. काळा गूळ होता, चिक्कीसारखा लागायचा. आता तसला मिळत नाय.

मग बांधाचं भांडण झालं, भावकीतल्या एकाचं डोकं फुटलं आणि तुम्हाला आत टाकलं. खटला अजून उभाही राहिला नव्हता. मी लेकरू कडेवर आणि काढ्याची बाटली पदराखाली घेऊन जेलच्या फाटकावर उभी हाय. शिपाई तरणाताठा, आपल्याच भागातला. मी म्हणते, "दादा, आबांना दमा हाय, दवाखान्यात न्या." तो बाटलीचा वास घेतो, बाजूला ठेवतो आणि हसतो. "तुझ्या बापाचा दमा मी पाचोडच्या बाजारात पाहिलाय बाई. लई हसलो होतो तेव्हा. आता इथं फुकट दाखवतोय, रोज." दुसराही शिपाई हसतो. सोंगाड्या, सोंगाड्या म्हणून हसतात. आणि पुढच्या खेपेला मी जाते, तर तुम्हाला न्यायलाच बोलावलेलं असतं.

कागदावर लिहिलं होतं, नैसर्गिक मृत्यू. मी चुलत्यांना विचारलं, नैसर्गिक म्हंजे? ते म्हणाले, "म्हंजे आपोआप." आबा, आपोआप दूध नासतं. कुलपात कोंडलेला माणूस, हाका मारून मारून, आपोआप कसा मरतो? चौकशी झाली म्हणे. केली कुणी? त्यांच्याच सायबानं. ज्याच्या कुलपात माणूस मेला, त्यानंच सांगायचं की कसा मेला. तेव्हापासून हा शब्द कुठंही ऐकला की माझ्या तोंडात कडू पाणी येतं. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली, नैसर्गिक म्हणाली, तरी मी बंद करते.

आता चितेगावच्या एका बाईचा पोरगा जेलात असाच मेला, कंपनीत कामाला होता. त्याच्याही कागदावर तोच शब्द. पण बाई वाघीण निघाली, कोर्टापर्यंत गेली. कोर्टानं बाहेरची माणसं नेमली, एक म्हातारे जज्ज आणि एक डॉक्टर मॅडम, जेलशी काही घेणंदेणं नसलेली. आणि त्यांनी सांगितलं, ज्यांचं माणूस आधी असंच गेलं त्यांनीही या. नातीनं वाचून दाखवलं, तुमच्यासाठी अर्ज लिहिला, त्या शिपायालाही बोलावणं गेलं, आणि मी उठले, शहागंजात जाऊन हिरव्या बांगड्या भरल्या. नात म्हणती, "आजी, लग्नाला निघालीस का?" म्हणलं, "व्हय, त्याची वरात काढायची हाय."

आला तो. काठी टेकत, पोराच्या खांद्यावर हात ठेवून. मॅडमनी विचारलं, तर घाम पुसत म्हणाला, लई जुनी गोष्ट, आठवत नाय. सारखं तेच. मग मी जागेवरनंच म्हणलं, "पाचोडचा सोंगाड्या तरी आठवतो का?" त्याची मान वर झाली. "खोकणारा म्हातारा!" म्हणाला, आणि आबा, तो हसला. तुम्ही असता तर तुम्हालाही बरं वाटलं असतं, इतक्या वर्सांनी कुणी हसलं म्हणून. मॅडम हसल्या नाहीत. "तो आजारी आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"सांगत तर तो रोजच होता."

"मग दवाखान्यात का नेलं नाही?"

"मला वाटलं, सोंग हाय."

जज्जसायबांनी ते जसंच्या तसं लिहून घ्यायला लावलं. मॅडम म्हणाल्या, आजार नैसर्गिक असेल, पण न नेणं नैसर्गिक नाही. मला टाळ्या वाजवाव्या वाटल्या.

तेवढ्यात त्याला ढास लागली. मान खाली गेली, खांदे उडायला लागले, पोरगा दम्याचा पंप आणायला गाडीकडं पळाला. कुणी पाणी, कुणी पंखा. मी एकटी बसून होते. आणि मोठ्यानं म्हणलं, "काय करू नका. सोंग हाय. मी लई पाहिलीत." त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि तेव्हा ओळखलं मला. फाटकावरची बाई. मग पंप आला, तो सावरला, आणि येताना मी नातीला जिलबी खाऊ घातली, स्वतःही खाल्ली.

आता हे पत्र तुम्हाला पाठवायचं नाय. पत्ता नाय म्हणून नव्हे. त्याच्या छातीत ती शिट्टी वाजत होती, आबा, आपल्या घरातली. मला लांबून ऐकू आली. खरा दमा होता, मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी मी म्हणलं. तुम्ही असता तर ताटात भाकर ठेवली असती. ठेवा. जिलबी गोड लागली.