इसम क्रमांक एक

ती. मामांस,

तुमच्या भाचीचा नमस्कार, आणि या वेळी टेबलाखालून नव्हे, चांगलं उभं राहून. गुडघा कसा आहे? झोप लागते का? रक्तदाबाचं विचारत नाही, तो गेल्या महिन्यात आमच्या अख्ख्या कचेरीने पाहिला आहे.

मामा, मला बढती मिळाली! (पगार तोच, पण शिट्टी मिळाली आहे.) तुम्ही आमच्या हरवलेल्या सामानाच्या कचेरीत बॅगेची चौकशी करायला आलात, काउंटरवाल्याने आत काय होतं विचारलं, तुम्ही अर्धा विणलेला स्वेटर म्हणालात, आणि तो मेला हसून म्हणाला, "मग आता पूर्ण विणलेला घ्या की!" मामीच्या हातचं ते शेवटचं विणकाम, हे त्याला कुठून माहीत असणार? पुढे तुमची काठी, काउंटरची काच आणि माझं टेबलाखाली जाणं हे सगळं एकदमच झालं. तुम्ही माझे मामा आहात हे मी कुणालाच सांगितलं नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

मग वरून हुकूम आला, कुणी मारहाणीवर उतरलं तर काय करायचं याची लेखी योजना तयार करा. कोण करेल, असं साहेबांनी विचारल्यावर सगळे जमिनीकडे बघू लागले. मी तेवढी छताकडे बघत होते, त्यामुळे काम माझ्या गळ्यात पडलं. पण मामा, काय मजा आली म्हणून सांगू! मी दारं मोजली, पावलं मोजली, जुना पंखा बंद केल्याशिवाय शिट्टी ऐकू येत नाही हा शोध लावला. पहिल्याच पानावर तुम्ही आहात, "इसम क्रमांक एक" म्हणून. शिट्टी वाजली की सगळ्यांनी मागच्या बेवारस सामानाच्या खोलीत शिरायचं, आतून कडी लावायची, आणि बाहेरून कुणी कितीही गयावया केली तरी उघडायची नाही. (हे शेवटचं कलम मी लाल शाईने लिहिलं.)

मंगळवारी तालीम झाली. मी शिट्टी फुंकून घड्याळ धरलं, आणि एकोणीस सेकंदांत सगळे आत! टायपिस्टबाई एरवी एक जिना चढताना दोनदा टेकतात, त्या पहिल्या. मी आनंदाने दारावर थाप मारली, झालं, उघडा म्हणाले. आतून साहेब म्हणाले, "हल्लेखोर असंच म्हणणार." (हेही मीच शिकवलेलं.) पाऊण तास मी दार ठोठावत होते. शेवटी साहेबांना दया आली. "खऱ्या असाल तर इसम क्रमांक एकचं वर्णन सांगा." मी घडाघडा सुटले. उंच, डाव्या कानामागे तीळ, वरची कवळी, चहात तीन चमचे साखर, रागावला की आधी चष्मा पुसतो, आणि बायको गेल्यापासून एकटाच जेवतो. कडी निघाली. साहेबांनी एवढंच विचारलं, "कोण लागतात तुमचे?" मी सांगून टाकलं. फार मोकळं वाटलं, मामा.

औषधं वेळेवर घ्या.

तुमची,
टेबलाखालची भाची

ता. क. गुरुवारी अकरा वाजता या, काठी घेऊनच. पुढच्या तालमीला साहेबांना अनुभवी इसम हवा आहे. काच मात्र नवी आहे, तिला सांभाळा.

आणखी एक ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. आत कोंडलेल्या मंडळींनी दाराला लावायला म्हणून दिसेल ते सामान ओढलं, त्यात भलत्याच फळीवर पडलेली तुमची बॅग निघाली. काउंटरवाल्यानेच ओळखली. नवव्या कलमाप्रमाणे टोकदार वस्तू जप्त करायच्या म्हणून पहारेकरी स्वेटरच्या सुया उपसायला गेला, तर काउंटरवाला त्याच्या अंगावर धावून गेला. (योजनेत आता इसम क्रमांक दोनही आहे.) सुया जिथल्या तिथे आहेत. एकही टाका सुटलेला नाही.