दोन कपाटांची यादी

पनवेल
११ नोव्हेंबर २००९

ती. दादास,
आशालताचा सा. न. वि. वि.

तुझं कानाचं यंत्र पुन्हा कपाटात गेल्याचं वहिनींकडून कळलं. म्हणजे फोनवर मी ओरडायचं आणि तू न ऐकताच हो हो म्हणायचं. त्यापेक्षा पत्र बरं. वास्तुकलेच्या निवृत्त प्राध्यापकाला निवृत्त ग्रंथपाल बहिणीचं अक्षर तरी लागतं.

इकडे एक काम निघालं आहे. कुवेतहून कायमचे परत आलेले एक गृहस्थ, इलियास परकार, त्यांचं टाइल्सचं दुकान आहे, आमच्या वाचनालयाला पुस्तकं घेऊन देतो म्हणतात. अट एकच. पुस्तकं दोनच विषयांची हवीत, वास्तुकला आणि मानसशास्त्र. कथा-कादंबऱ्या नकोत, संदर्भग्रंथ आणि माहितीचीच हवीत. आमचे अध्यक्ष चारुदत्त कर्णिक यांना हे चमत्कारिक वाटलं. त्यांनी पाककृती आणि आरोग्य सुचवून पाहिलं. परकारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग आपली अट पुन्हा सांगितली.

निवड माझ्याकडे आली आहे. मानसशास्त्राचं मी बघते, कॉलेजात तीस वर्षं तेच कपाट सांभाळलं. वास्तुकलेची यादी तू कर. मोठमोठ्या परदेशी नावांनी मला घाबरवू नकोस आणि प्रत्येक पुस्तकापुढे ते का घ्यायचं, हे एका ओळीत लिही.

वहिनींच्या गुडघ्यांना तेल चालू आहे ना? लोभ आहेच, उत्तराला उशीर करून तो ताणू नये.

तुझी
आशा


सांगली
२२ नोव्हेंबर २००९

चि. आशा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

यादी करायला घेतली आहे. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी मला पुस्तकं मागवायला सांगतं आहे आणि वर घासाघीस करत नाही, याचा आनंद मी लपवणार नाही.

माझी एक जुनी रीत आहे. वास्तुकलेचं पुस्तक हातात आलं की फोटो बघायचे नाहीत. आधी नकाशा शोधायचा, मग छेद, म्हणजे उभं कापून दाखवलेलं घर, मग न्हाणीघर. ज्या पुस्तकात न्हाणीघर नसतं ते शोभेचं समजावं. मापांचा एक जाडजूड ग्रंथ मात्र हवाच. खाटेची उंची, ओट्याची उंची, दोन माणसं समोरासमोर जाऊ शकतील एवढ्या बोळाची रुंदी, हे सगळं त्यात असतं. तो सर्वांत वर लिही. मग बांधकामाच्या तपशिलांचा, मग हवामान आणि घर, मग कोकणातल्या घरांवरचा एखादा अभ्यास. परदेशी नावं येतील, त्याला इलाज नाही.

तू मानसशास्त्राची निवड कशी करतेस तेही कळव. माझ्या मते त्यातली निम्मी पुस्तकं अशी असतात की वाचणाऱ्याला त्यातले सगळे आजार आपल्यालाच झाल्यासारखे वाटतात.

हिचे गुडघे बरे आहेत, जीभ त्याहून बरी. माया अशीच राहू दे.

तुझा
दादा


पनवेल
६ डिसेंबर २००९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अर्धी यादी मिळाली. अक्षर सुंदर, शेरे लांब.

मी पुस्तक मागून उघडते. शेवटची सूची नीट नसेल तर तो संदर्भग्रंथ नव्हे. एक कोश, मनोविकारांच्या वर्गीकरणाचा ग्रंथ, बालमानसशास्त्राची दोन, आणि घरातल्या माणसांनी आजारी माणसाशी कसं वागावं यावरची तीन मराठी, एवढी नक्की झाली. विक्रेत्याने बघायला पाठवलेल्यांपैकी ‘दहा दिवसांत आत्मविश्वास वाढवा’ छापाची सगळी परत पाठवली. विक्रेता नाराज आहे.

परकारांचं मात्र कोडं सुटलं. ते रोज दुपारी तीन ते पाच मानसशास्त्राच्या कपाटापाशी बसतात. शेजारी शब्दकोश. एका पानाला तासही लागतो. परवा त्यांनी विचारलं की बोलायचं सोडून दिलेल्या माणसाला परत बोलतं कसं करायचं, हे कुठल्या पुस्तकात आहे. मी खरं तेच सांगितलं, असं पुस्तक नाही. त्यांनी शब्दकोश मिटला आणि स्वतःहून सगळं सांगितलं.

त्यांना एकच मुलगी, तूबा. आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती. मे २००७ मध्ये अंतिम परीक्षा देऊन घरी आली, ड्रॉइंगची गुंडाळी कपाटावर टाकली आणि खोलीत गेली. तेव्हापासून घराबाहेर पाऊल नाही. आईशी, हुस्नबानोंशी, दिवसाकाठी चार शब्द. वडिलांशी तेही नाहीत. डॉक्टरांचे उपचार चालू आहेत, थोडा उतार आहे. परीक्षेत नापास झाली एवढं निकालावरून कळलं. तिथे काय घडलं ते तिने सांगितलेलं नाही. इलियासभाई तेव्हा कुवेतला होते. नोकरी सोडून आले.

वास्तुकलेची पुस्तकं तिच्यासाठी आहेत. ती बोलत नाही, पण पानं उलटते. मानसशास्त्राची ते स्वतःसाठी घेतात. घरी ठेवली तर मुलीला वाईट वाटेल, म्हणून वाचनालयात.

तू परीक्षक म्हणून यायचास, तेच कॉलेज. तुला कदाचित आठवेल. उरलेली यादी जपून कर, ती तिच्या हातात जाणार आहे. आणि आमच्यावरचा लोभ यादीइतका अर्धवट ठेवू नकोस.

तुझी
आशा


सांगली
१९ डिसेंबर २००९

चि. आशा हिस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. आजारी नव्हतो.

मला ती आठवते. मे २००७ मध्ये बाहेरचा परीक्षक मीच होतो. तिने उरणकडच्या बायकांसाठी प्रसूतिगृह केलं होतं. चांगलं केलं होतं. बाळंतिणीसोबत आलेल्या सासू, आई, जावा यांनी कुठे बसायचं, कुठे डबा उघडायचा, याचा विचार मी तोवर विद्यार्थ्याच्या कामात पाहिला नव्हता. पण जिना चुकला होता. दुसऱ्या टप्प्यावर तुळई डोक्याला लागत होती. मी तिचं मॉडेल उचलून सगळ्यांना दाखवलं आणि म्हटलं की इथे येणाऱ्या बाईने डोकं खालीच काढून ठेवावं आणि मग वर जावं. वर्ग हसला. सोबतचे परीक्षक हसले. मला बरं वाटलं म्हणून मी तेच आणखी दोन प्रकारे सांगितलं. तिने शीट्स गुंडाळल्या आणि गेली.

मी तिला नापास केलं. जिना दुरुस्त करायला अर्धा तास पुरला असता, हे मला तेव्हाही कळत होतं. त्या दिवसांत सगळेच पास होत चालले होते आणि एकाला तरी थांबवलं पाहिजे असं माझ्या मनात होतं.

यादी पुढे कशी करावी ते समजत नाही. तू सांगशील तसं करीन. परकारांना हे कळवायचं की नाही, तेही तूच ठरव.

गुरुदत्त


पनवेल
२६ डिसेंबर २००९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं.

त्या दिवशी तू माझ्याकडेच उतरला होतास. जेवताना तो विनोद तू मला सांगितलास आणि मी हसले. तुला आणखी आमटी वाढली, तेही आठवतं. तेव्हा मी तुला बोलावं असा माझा अधिकार फारसा नाही.

एक गोष्ट कळवते. तिच्या डॉक्टरांनी इलियासभाईंना सांगितलं आहे की माणूस एकाच कारणाने असा होत नाही, आधीपासून बरंच साचलेलं असतं. हे तुझा भार हलका करायला लिहीत नाही. आपण निवडलेल्या ग्रंथांतही तसंच आहे, म्हणून लिहिते.

ठरवायचं काम मात्र माझ्यावर टाकू नकोस. मी इलियासभाईंना काही सांगणार नाही. रोज तीन वाजता ते समोर येऊन बसतात आणि मी त्यांना शब्दांचे अर्थ सांगते. हे किती दिवस जमेल ते माहीत नाही. सांगायचं असेल तर तू ये आणि तू सांग. मी सोबत येणार नाही. यादी पूर्ण करून घेऊन ये.

येण्याआधी कळव. मी रागावले आहे, तरी घर तुझंच आहे.

आशा


सांगली
१८ जानेवारी २०१०

चि. आशा हिस,
आशीर्वाद.

परकारांकडून निघालो तो तुझ्याकडे न येता तसाच एस.टी. स्टँडवर गेलो. त्याची माफी असावी. त्या वेळी कोणाशी बोलणं जमलं नसतं.

मी गेलो तेव्हा ते दुकानातून नुकतेच आले होते. तुझा भाऊ म्हणून त्यांनी खूप आदराने बसवलं. यंत्र लावून गेलो होतो, तरी ते सावकाश बोलत होते. मी पाणी घेण्याआधीच सगळं सांगून टाकलं. विनोदही शब्दन् शब्द सांगितला. ते ऐकत राहिले. मग उठून आत गेले. मला वाटलं आता निघावं. पण ते बाहेर आले ते चहा घेऊन. म्हणाले की अडीच वर्षं मी डॉक्टरांना, तिच्या मैत्रिणींना, अल्लाहला, सगळ्यांना विचारत होतो त्या दिवशी काय झालं, आज पहिल्यांदा कोणी जवाब दिला. मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून की नको म्हणून, मला समजलं नाही.

मग त्यांनी कपाटावरची गुंडाळी काढली. म्हणाले, मी लादीवाला माणूस, मला हे वाचता येत नाही, माझ्या मुलीने काय बनवलं होतं ते मला दाखवा.

आम्ही जमिनीवर शीट्स पसरल्या. कोपऱ्यांवर त्यांनी टाइल्सचे नमुने ठेवले. मी एकेक खोली सांगत गेलो. पोर कुठे जन्मणार, आजीने कुठे टेकायचं, खिडकी का खाली घेतली आहे, म्हणजे पडल्या पडल्या झाड दिसतं. मधे हुस्नबानो येऊन भिंतीशी बसल्या. आतल्या खोलीचं दार वीतभर उघडं होतं. जिन्यापाशी आल्यावर मी दाराकडे तोंड करून मोठ्याने सांगितलं की एवढी एक चूक आहे, बाकी काम उत्तम आहे आणि ते नापास करणारा माणूस चुकला. आतून काही उत्तर आलं नाही. मी पुढची शीट घेतली. अकरा शीट्स होत्या. दोन तास लागले.

यादी त्यांच्याकडे ठेवून आलो आहे. जमल्यास माझ्यावरची माया पूर्ण काढून घेऊ नकोस.

दादा


पनवेल
२७ जानेवारी २०१०

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रात एक गोष्ट नाही. कारण तुला ती ऐकू आलेली नाही.

काल इलियासभाई आले ते शब्दकोश न उघडताच माझ्या टेबलापाशी बसले. त्यांनी सांगितलं की जिन्याबद्दल बोलून तू थांबलास, तेव्हा दाराआडून तूबा म्हणाली, पुढची शीट. तू तेवढ्यात स्वतःच पुढची घेतलीस. नंतरही, दर शीट संपली की ती म्हणत होती. सात वेळा. हुस्नबानोंनी मोजलं. परक्या माणसासमोर तिचा आवाज अडीच वर्षांत निघाला नव्हता. हे सांगताना ते रडले आणि मग माझ्यासमोर रडल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

फार मोठी आशा धरू नये, असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. मीही धरत नाही. पण तुझी यादी तिने आत मागून घेतली आहे आणि सोबत माझीही. चारुदत्तरावांना मागणी पाठवायची घाई झाली आहे. मी त्यांना थांबवलं आहे.

माया कुठे जात नाही. पुढच्या वेळी मात्र स्टँडवरून पळू नकोस, वांग्याची भाजी फुकट गेली.

तुझी
आशा


पनवेल
२४ फेब्रुवारी २०१०

प्रा. गुरुदत्त सर,
अस्सलामु अलैकुम.

पत्ता ग्रंथपालबाईंनी दिला. त्यांनी सांगितलं तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही. मला फोनवर बोलता येत नाही. म्हणून पत्र.

तुमच्या यादीत छत्तीस पुस्तकं होती. नऊ मी खोडली आहेत. त्यांतल्या सहांमध्ये नकाशे आहेत, न्हाणीघरंही आहेत, पण एकाही चित्रात माणूस नाही. दारात चप्पलसुद्धा नाही. तीन पुस्तकांत एकच मजकूर आहे, एक पुरे. नववं तुमच्या गुरूंचं आहे, असं शेऱ्यावरून वाटलं. ते कंटाळवाणं आहे. आमच्या कॉलेजात होतं, कोणी नेत नसे.

पाच माझी आहेत. दवाखान्यांवरचं एक, लहान मुलं घराचं चित्र कसं काढतात त्यावरचं एक, आंधळ्या माणसांसाठी इमारत कशी करावी त्यावरचं एक. उरलेली दोन, माणूस खोलीत कुठे बसतो, दाराकडे तोंड करून की पाठ करून, यावर केलेल्या अभ्यासाची आहेत. ती वास्तुकलेत ठेवायची की मानसशास्त्रात, यावर बाई आणि कर्णिक सर यांचं अजून ठरलेलं नाही, असं अब्बा सांगतात. मी दाराकडे तोंड करून बसते, हे मला त्यातलं एक मागवायचं ठरवताना लक्षात आलं.

अब्बा कधीकधी वाचनालयातून पुस्तक आणून दुकानाच्या पिशवीत लपवतात, त्यांतली दोन मीही वाचली. त्यांना माहीत नाही. त्यांनी शब्दांखाली पेन्सिलीने अर्थ लिहिलेले आहेत. काही चुकीचे आहेत. मी दुरुस्त केले नाहीत.

तुम्ही अब्बांची माफी मागितलीत. ती त्यांनी घेतली, असं ते म्हणतात. दारातून माझीही मागितलीत. ती मी अजून घेतलेली नाही. शीट्स नीट समजावून सांगितल्यात, हे खरं. दोन ठिकाणी तुम्ही जे कारण सांगितलंत ते माझं नव्हतं, पण माझ्यापेक्षा चांगलं होतं.

पुस्तकं मार्चअखेर येतील. वाचनालय दुपारी साडेबारा ते तीन बंद असतं. त्या वेळेत मी आले तर बाई दार उघडून देणार आहेत. येईनच असं सांगत नाही. अम्मी सोबत यायला तयार आहे.

यादीबद्दल काही हरकत असेल तर लिहा. खोडलेल्यांतलं एखादं परत हवं असेल तर कारण एका ओळीत द्यावं.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे, ते मला माहीत आहे. या पत्रात लिहीत नाही.

तूबा इलियास परकार