थोरलीच्या पोटात दुखायलंय

भवानी पेठ, सोलापूर
१४ जुलै

प्रिय पूनम,

हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर आलंय म्हणून दचकू नकोस. घरी पाठवलं असतं तर आईने पाकीट हातात घेऊन ‘कुणाचं गं, काय लिवलंय, मोठ्यानं वाच की’ असा धोशा लावला असता, आणि यातलं बरंचसं तिच्यापुढे मोठ्याने वाचण्यासारखं नाही. फोन करता आला असता, पण फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. तू दोन मिनिटांत रडायला लागतेस, मला त्याचा राग येतो, आणि मग तव्यावरची भाकरी करपली असं सांगून मी फोन ठेवून देते. तेव्हा जेवणाच्या सुट्टीत, डबा खाऊन झाल्यावर वाच. आधी वाचलंस तर डबा तसाच राहील.

सुरुवातीलाच एक गोष्ट लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. मला तुझा हेवा वाटतो. तू झालीस तेव्हा मी आठ वर्षांची होते. आप्पांनी तुला खांद्यावर बसवून मंद्रूपच्या बाजारात मिरवलं आणि भेटेल त्याला ‘ही आमची धाकली’ म्हणून दाखवलं, त्या दिवसापासून वाटतो. मला त्यांनी कधी खांद्यावर घेतलं असेल तर ते मला आठवत नाही. मी मेंढरांमागे आणि तू खांद्यावर, हेच मला आठवतं. पुढे आप्पा गेले तेव्हा मी सतराची आणि तू नऊची. वर्षाच्या आत माझं लग्न लावून दिलं आणि तू शिकलीस. यात तुझा काही दोष नाही हे मला चांगलं कळतं. कळतं आणि तरीही वाटतो, त्याला मी काय करू?

आता पोटाचं. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर माझं पोट बिघडलं ते बिघडलंच. जेवलं की उजव्या बाजूला दुखायचं, पोट टम्म व्हायचं. चार दिवस साफ होत नसे, तर पाचव्या दिवशी शिलाई मशीन सोडून तीन-तीनदा पळावं लागे. आमच्या कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवायचं काम आहे. उठलं की मागे ढीग साचतो आणि मुकादम तोंडाकडे बघतो. गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी जीभ बघितली आणि ‘पित्त आहे, तिखट बंद करा’ म्हणून गुलाबी औषधाची बाटली दिली. सोलापुरात राहून मी शेंगाचटणी सोडली, पूनम! सहा महिने दूध-भात खाल्ला. दुखणं होतं तिथंच होतं. मी पुन्हा गेले की ते पुन्हा जीभ बघत आणि पुन्हा तीच बाटली देत. पोटाला हात लावून बघा म्हटलं, तर म्हणाले, ‘अहो ताई, पित्ताला काय हात लावायचा?’

तेवढ्यात तुझी वास्तुशांत आली. वाघोलीचा तो सातवा मजला, दारातलं तोरण, स्वयंपाकघरातला तो काळा चकचकीत ओटा. मी सगळ्या खोल्या बघितल्या, दोनदा बघितल्या. खरं सांगते, जळफळाट झाला. पण पंगतीत दुसरी पुरणपोळी वाढली आणि मला जी कळ आली ती पोटातली होती, मनातली नव्हती. मी ताटावरून उठले, पोट धरून भिंतीला टेकले. काय झालं म्हणून बायका विचारायला लागल्या तर मी म्हटलं, ‘पोटात दुखतंय.’ आणि आपली आई, हातात तुपाची वाटी, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाली, ‘धाकलीनं घर घेतलं की, थोरलीच्या पोटात दुखायलंय!’ काय हसल्या सगळ्या. तूही हसलीस. मी बघितलं तुला, पदर तोंडाला लावून हसत होतीस. मी काय बोलणार होते? हेव्याने दुखत नाही म्हणावं तर ते खोटं झालं असतं, कारण तसंही दुखत होतंच. दोन्ही दुखणी एकाच शब्दात बसली होती आणि त्यातलं एकच लोकांना दिसत होतं. मीही हसले आणि हात धुवायला गेले.

त्या दिवसापासून घरात तो शब्दच झाला. मी जरा वाकले की सासूबाई विचारणार, ‘पुण्याचा फोन आलता वाटतं?’ तुझे दाजी वाईट नाहीत, पण त्यांनाही गंमत वाटायची. शेवटी मी हट्ट धरला म्हणून ते मला एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथे सोनोग्राफी झाली, रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर माझ्याशी बोललेच नाहीत. त्यांनी दाजींना विचारलं की यांना घरात काही टेन्शन आहे का. आणि हा भला माणूस मला मदत करायची म्हणून काय बोलला असेल? ‘तसं काय न्हाय साहेब. हिच्या भणीनं पुण्यात फ्लॅट घेतला, तवापास्नं हिच्या पोटात दुखतंय.’ डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसले. मग त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. औषधाच्या दुकानात कळलं की त्या मन शांत राहायच्या गोळ्या होत्या. मी त्या तीन महिने खाल्ल्या. मशीनवर बसल्या बसल्या झोप यायची, आणि झोपेतही दुखायचं. त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर पडल्यावर मी तुझ्या दाजींशी आठ दिवस बोलले नाही, ते का हे त्यांना अजून कळलेलं नाही. मी सांगितलंही नाही.

तुझी नोकरी, तुझा फ्लॅट, शिवराजरावांचं तुझ्या मागेपुढे करणं, हे सगळं मी कसंबसं पचवलं होतं. मला पचलं नाही ते तुझं आजारपण. गेल्या दिवाळीत तुझ्या छातीत जळजळलं. एकदा! चकल्या खाऊन! तू डॉक्टरला काय सांगितलंस ते तूच मला फोनवर सांगितलं होतंस, ‘अक्का, मी म्हटलं मला डिस्कम्फर्ट आहे.’ चौथ्या दिवशी तुझ्या घशातून दुर्बीण आत. शिवराजरावांनी रजा काढली. आई पंधरा दिवस तुला मऊ भात भरवायला आली, ती अजून तिथेच आहे. तू त्या दुर्बिणीचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकलेस, गुलाबी गुलाबी, आणि खाली लिहिलंस की काही निघालं नाही, देवाची कृपा. सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. मीही पाठवलं. आणि मग मोरीत जाऊन रडले. तुझ्या पोटात काही निघालं नाही म्हणून नाही गं, तुझ्या पोटात कुणीतरी बघितलं म्हणून. आईने तुझी ती निळी फाइल देव्हाऱ्याजवळ ठेवली आणि हळदीकुंकू लावलं, तो फोटोही आला होता. मला तशी फाइल हवी होती. एक्केचाळीस वर्षांच्या बाईने दुसरीच्या दवाखान्याच्या फाइलचा हेवा करावा, हे लिहितानाही लाज वाटते, पण केला. रात्रंदिवस केला.

एप्रिलमध्ये जिना चढताना मला धाप लागायला लागली. कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर काशम्मा असते. ती एक दिवस म्हणाली, ‘विजू, तुज्या तोंडावर रंगच नाय की गं. पिठात बुडवल्यावानी दिसायलीस.’ तिने पर्समधला आरसा दिला. मी तोंड बघितलं आणि का कोण जाणे, अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी ओढली. आप्पा मेंढराचं डोकं गुडघ्यांत धरून असंच बघायचे, आठवतं? तुला नाही आठवणार, तू लहान होतीस. आत लाल दिसलं की मेंढरू सोडून द्यायचे. पांढरं दिसलं की कळपातून काढून वेगळं बांधायचे आणि मला म्हणायचे, ‘विजे, रगत कुटं जातंय त्ये बघ आदी.’ मग मी त्याच्या लेंड्या बघायचे. तर माझी पापणी आतून कागदासारखी पांढरी होती. इतकं पांढरं मेंढरू मी आयुष्यात दोनदा पाहिलं होतं, आणि त्यातलं एकही जगलं नव्हतं.

काशम्माला बरोबर घेऊन मी गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले. तुझ्या दाजींना मुद्दाम नेलं नाही. या वेळी ‘पोटात दुखतंय’ हा शब्दच काढला नाही. खुर्चीत बसले आणि पापणी ओढून दाखवली. म्हटलं, साहेब, आम्ही धनगर. आमच्यात एवढी पांढरी पापणी दिसली तर मेंढरू कळपात ठेवत नाहीत. तुम्ही माझी दीड वर्षं जीभ बघताय, आता हे बघा. त्यांनी पुढे वाकून पापणी बघितली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेपाच. तरीही म्हणतात कसे, बायकांना असं असतंच, लोहाच्या गोळ्या देतो. मी उठले नाही. म्हटलं, बादलीला भोक आहे, तुम्ही पाणी ओतायला सांगताय. रक्त जातंय कुठे ते बघायची चिठ्ठी द्या, त्याशिवाय मी हलणार नाही. बाहेर पेशंट खोळंबलेले, काशम्मा दाराला पाठ लावून उभी. त्यांनी चिडून चिठ्ठी लिहिली. चिडून का होईना, लिहिली.

शी तपासली, त्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त निघालं. मग एका नव्या डॉक्टरीणबाईंनी खालून दुर्बीण घातली. आदल्या दिवशी पोट साफ करायला ते खारट पाणी तांब्याने प्यायला देतात, तेव्हा मी तुला मनातल्या मनात दहा शिव्या दिल्या, तुझी वरूनची दुर्बीण किती सोपी झाली म्हणून. मोठ्या आतड्यात उजव्या बाजूला गाठ आहे. तुकडा काढून तपासला. कॅन्सर आहे, पूनम. घाबरू नकोस, नीट वाच. बाकी कुठे पसरलेला दिसत नाही. बावीस तारखेला ऑपरेशन आहे, रक्ताच्या दोन बाटल्या चढवून झाल्या आहेत. तुझे दाजी जेवत नाहीत, नुसते माझ्या तोंडाकडे बघत बसतात, आणि त्यांना समजावण्यातच माझा निम्मा दिवस जातो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरं झालं वेळेत आलात. मी म्हटलं, बाई, मी तर दोन वर्षं येतेच आहे. आता माझी फाइल तुझ्या फाइलपेक्षा जाड झाली आहे. आईला ऑपरेशन झाल्यावर सांगू. तिच्यावर राग होता, तो आता तितका राहिला नाही, पण अगदी गेलाय असंही नाही.

हे सगळं मी सहानुभूती मिळावी म्हणून लिहिलेलं नाही, तेव्हा लगेच गाडी काढून निघू नकोस. त्याआधी तुझं काम आहे. डॉक्टरीणबाईंनी मला घरातल्यांचं विचारलं. आप्पा सेहेचाळिसाव्या वर्षी पोटाच्या दुखण्याने गेले, सगळे अल्सर म्हणत. निंगव्वा आत्या गर्भाच्या पिशवीच्या कॅन्सरने गेली, तीही पन्नाशीच्या आत. बाईंनी कागदावर चौकोन आणि गोल काढले, गेलेल्यांवर काट मारली, आणि आप्पांच्या चौकोनाखाली रेघ ओढून दोन गोल शेजारी शेजारी काढले. एक काळा भरला, दुसऱ्यात प्रश्नचिन्ह टाकलं. हे रक्तातून येत असावं, असा त्यांना संशय आहे. तुझी गेल्या वर्षीची दुर्बीण वरूनची होती, ती इथपर्यंत पोचतच नाही. तुला खालून करायची आहे, याच महिन्यात, आणि पिशवीचीही तपासणी. माझ्या रिपोर्टांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत, त्या डॉक्टरांपुढे ठेव. ते म्हणतील, तुमचं वय तेहेतीस, तुम्हाला काही त्रास नाही, कशाला उगाच. खुर्चीतून उठू नकोस. इंग्रजीत सांग, मराठीत सांग, रड, ओरड, पण चिठ्ठी घेतल्याशिवाय उठू नकोस. आप्पांचं जे जे तुला मिळालं त्यावर मी आयुष्यभर डोळा ठेवला. हे एवढं मात्र त्यांनी सगळंच्या सगळं मला दिलेलं असू दे. यात तुझा वाटा नको. तुझ्या तपासणीत काही निघालं नाही की आधी मला फोन कर, आईला नंतर. मग मी निवांतपणे तुझा हेवा करीन.

तुझीच,
अक्का