लखमादेवीस बहुमताने वडील दिल्याबाबत हरकत

प्रति,
मा. कार्याध्यक्ष,
तळेगिरीकर कुलवृत्तांत समिती, सिंगापूर शाखा,
मुक्काम पुंगोल.

विषय : कुळाच्या मूळ स्त्रीस मतदानाने वडील नेमल्याबद्दल हरकत, तसेच अर्जदाराचे वडील परत मिळणेबाबत.

संदर्भ : गेल्या रविवारची आपल्या घरची सभा व कुलवृत्तांताची छपाईपूर्व प्रत.

महोदय,

(एरवी अर्जदार आपणास रवीदादा म्हणते. आपण चुलत दीर असलात तरी आज खुर्चीचा मान राखला आहे.)

१. अर्जदार येथील विद्यापीठात मध्ययुगीन दख्खनच्या राजघराण्यांतील स्त्रियांवर संशोधन करते. म्हणूनच समितीने लखमादेवीचे पान तिच्याकडे सोपवले. या बाईंबद्दल शिलालेखात दोनच शब्द आहेत : 'कान्हरदेवाची लखमादेवी'. ही 'ची' लेकीची की बायकोची, हे दगड सांगत नाही. आपले कूळ या दोघांपासूनच सुरू झाले असे सगळे मानतात, तेव्हा बायकोची धरणे बरे. अर्जदाराने लिहिले : 'पती कान्हरदेव, पिता अज्ञात.'

२. 'अज्ञात' वाचून श्री. पद्माकरकाकांना ठसका लागला. कुळाची अब्रू चव्हाट्यावर येईल, असे त्यांचे म्हणणे पडले. बाईंना वडील होतेच, फक्त ते लिहून ठेवण्याची कोणाला गरज वाटली नाही, हे अर्जदाराने परोपरीने सांगितले. आपली कन्या कु. निहारिका हिनेही 'पप्पा, जस्ट राइट अननोन लाह' असे इथल्या सिंगापुरी इंग्रजीत मत मांडले. सभेतले ते एकच शहाणे मत इतिवृत्तात आलेले नाही. उलट हात वर करून मतदान झाले आणि राजाची लेक शोभून दिसते म्हणून खुद्द कान्हरदेव वडील म्हणून निवडून आले.

३. परंतु ते आधीच्या ओळीत नवरा होते. हे निदर्शनास आणताच आपण तिथल्या तिथे कान्हरदेवाचे दोन केले, पहिले व दुसरे. अर्जदार इतकी वर्षे या विषयात डोके घालून आहे. बटाटेवडे संपायच्या आत राजा जन्माला आलेला तिने पाहिला नव्हता.

४. येथवर अर्जदार गप्प बसली असती. पण त्याच प्रतीत तिची स्वतःची नोंद अशी : 'ऋचा अनिमेष तळेगिरीकर, अनिमेष यांची कन्या.' मधले नाव ते बापाचे, असे संगणकास शिकवले आहे. लग्नानंतर तिथे नवरा येऊन बसतो हे सांगायचे राहिले. अनिमेष तेव्हापासून तिला 'बेटा' म्हणत आहे, तो उपद्रव वेगळाच.

५. अर्जदाराचे मूळ नाव स्मिता. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने 'ऋचा' लिहिले, सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि स्मिता पुसली गेली. माहेरची माहिती समितीने 'जागेअभावी' गाळली. दोन कान्हरदेवांना मात्र जागा झाली. अर्जदाराचे वडील श्री. ज्ञानेश्वर सोनटक्के सध्या पुण्याहून चोआ चू कांगला अर्जदाराकडे राहायला आले आहेत. त्यांनी प्रत हौसेने उघडली, लेकीचे पान काढले आणि चष्मा पुसत बसले. अर्जदारास फार वाईट वाटले. हे अर्जाच्या भाषेत कसे लिहितात ते तिला ठाऊक नाही.

६. सबब विनंती की, लखमादेवीपुढे 'पिता अज्ञात' असेच छापावे आणि अर्जदारापुढे 'माहेरची स्मिता, पिता ज्ञानेश्वर सोनटक्के' असे छापावे. आणखी सातशे वर्षांनी कोणी संशोधक बाई अर्जदाराला शोधत बसली, तर निदान तिची फसगत होऊ नये. लखमादेवीचे वडील आता सापडायचे नाहीत. अर्जदाराचे हॉलमध्ये बसले आहेत.

आपली, या अर्जापुरती नम्र,

स्मिता ज्ञानेश्वर सोनटक्के
ऊर्फ सौ. ऋचा अनिमेष तळेगिरीकर
चोआ चू कांग, १६ जून २०२५

सोबत :
१) शिलालेखाच्या ठशाची छायाप्रत.
२) वडील, मूळ प्रत. येत्या रविवारी समक्ष सादर करण्यात येतील. खात्री करून परत करावेत.