मरोळच्या फेरीसाठी टायर

१२ नोव्हें., मंगळ.
चकाल्याच्या सिग्नलपुढे गाडी मागून वळवळायला लागली. बघतो तर मागचं चाक बसलेलं. सुनंदाला उतरवलं. नशीब, एका शब्दात उतरली. मी ढकलतोय, ही मागचा दांडा धरून चालतेय, अशी आमची वरात पंक्चरवाल्यापर्यंत. काय झालं? पंक्चर. थोडं पुढे गेलो की पुन्हा, अहो काय झालं? पंक्चर गं बाई, पंक्चर.
यादवने चाक उघडलं. खिळा होता, ट्यूब फाटली होती, ते ठीक. पण टायर पार गुळगुळीत, आतले धागे दिसायला लागलेत. म्हणाला, ट्यूब बदलून देतो, पण टायर नवीन टाका. "पीछे आंटी को मत बिठाना अंकल. फटेगा तो संभलेगा नहीं."
गाडी त्याच्याकडेच ठेवली, रिक्षाने परत आलो. मरोळ राहिलं ते राहिलंच. त्याची शिक्षा मग घरी. पर्स खांद्यावरून काढेना, चप्पल काढेना. अहो, घरी चला ना. अगं हेच घर आपलं. नाही म्हणे.

१३ नोव्हें., बुध.
सकाळी केतकीचा मुलुंडहून फोन. पंक्चरचं सांगितलं तर म्हणाली, बरं झालं बाबा, आता तरी ते मरोळ बंद करा. मग चिडून सगळं पुन्हा सांगितलं. तुझ्या आईचं ऑफिस मरोळला. जन्म गेला तिथे. सुटायची वेळ झाली की मी गेटवर गाडी घेऊन हजर, हे तू लहानपणापासून बघितलंयस. आता आजारात बाकी सगळं गेलं, पण संध्याकाळ झाली की तिचं ऑफिस सुटतं. घरात बसूनच घरी जायचं म्हणते. तिला गाडीवर घालून त्या गेटवरून वळवून आणलं की दारात आल्या आल्या म्हणते, आलो बाई एकदाचे. मग जेवते, झोपते. एवढंच तर आहे.
केतकी म्हणाली, मग रिक्षाने न्या.
नेलं. रिक्षात ही पाहुण्यासारखी बसली, पर्स मांडीवर. गेटपाशी वळलो, परत आलो. दारात उभी राहून म्हणते, चहा नको हो, उशीर होतोय, निघू या.
रात्री जेवली नाही.

१४ नोव्हें., गुरु.
तिला शेजारच्या प्रधानबाईंकडे बसवून टायरच्या दुकानात. आमच्या गाडीला तारांचं चाक, त्यामुळे ट्यूबवालाच लागणार. दुकानदाराने नमुन्याला दोन काढून ठेवले. एक कडक रबराचा, वर्षानुवर्षं मरत नाही म्हणाला. दुसरा जरा मऊ, ब्रेक मारला की रस्ता धरतो, पण लवकर झिजतो. रोज कुठवर जाता काका? म्हटलं, पार्ल्याहून मरोळ आणि परत. मग कडक घ्या, पाच वर्षं बघायला नको.
मी मऊ मागितला. मागे माणूस बसतं म्हटलं.
"दोन वर्षांत संपेल हां. मग तुम्हीच म्हणाल, सांगितलं नाही."
दोन वर्षं पुष्कळ झाली, असं तोंडातून गेलं. गेलं आणि मलाच ऐकू आलं. बाहेर येऊन उभा राहिलो. समोर मेट्रोच्या खांबाला कुणीतरी पान थुंकलं होतं, तिकडे बघत राहिलो बराच वेळ.
मला पाच वर्षांचा टायर नकोच होता. पाच वर्षांनी त्यावर मी कुणाला नेणार?
आमच्या मापाचा मऊ स्टॉकमध्ये नाही. सोमवार-मंगळवारपर्यंत येईल.

१५
वाईट दिवस. लिहवत नाही.

१६ नोव्हें., शनि.
केतकी आली. येताना पुरणपोळ्या. आईशी छान बोलली, केस विंचरून दिले. मग मला गॅलरीत नेऊन सुरू. गाडी विकून टाका. आई सिग्नलला हात सोडते, तुम्हीच सांगितलं होतं. मागच्या महिन्यात जे.बी. नगरला चालत्या गाडीवरून उतरायला निघाली होती की नाही? निघाली होती. नाही कसं म्हणू.
तिला म्हटलं, पट्टा आणणार आहे. लहान मुलांना गाडीवर बांधतात तसला. मोठ्या मापात मिळतो.
"आईला बांधून नेणार तुम्ही?"
मग तीच रडली. मी चहा टाकला. साखर घालायची विसरलो, ती तसाच प्यायली.
पोरगी खोटं काही बोलत नाही, हाच त्रास आहे. पण ती जाते मुलुंडला. संध्याकाळ मला काढायची असते. बंद दाराची कडी धरून उभी असते सुनंदा, आणि मी तिला तिच्याच घरात कोंडून ठेवणारा माणूस. बायकोनं असं बघावं आपल्याकडे?
जाताना केतकी दारात म्हणाली, बाबा, टायर चांगला घ्या मग. म्हणजे परवानगी मिळाली असं समजायचं का, कोण जाणे.

१७ नोव्हें., रवि.
एक गंमत. सु. दिवसातून चार वेळा विचारते, निघालं का हो पंक्चर? नातीचं नाव राहत नाही डोक्यात, सकाळी काय खाल्लं ते नाही. पंक्चर मात्र बसलंय पक्कं. प्रधानबाईंनाही सांगून आली. किती दिवसांनी काहीतरी नवीन टिकलंय! डॉक्टरांना सांगायचं. मला उगाच बरं वाटलं. दोघं मिळून शेंगा सोलल्या, मी सोलायच्या, तिने खायच्या.

१९ नोव्हें., मंगळ.
टायर आला. यादवनेच बसवला. नवा टायर थोडे दिवस घसरतो म्हणाला, आधी एकटे फिरवून आणा. म्हणून मरोळपर्यंत एकटाच. गाडी मागून हलकी लागत होती, ब्रेक मारला की सवयीने खांद्यावरच्या हाताची वाट बघितली. गेटपाशी वळवताना थांबलोसुद्धा. ऑफिसातून सुटलेल्या बायका रस्ता ओलांडत होत्या. वाईट वाटलं, खूप. पण गाडी झकास चालली, रस्ता धरते. पट्टा आणला नाही. हळू नेईन.
तिला सांगितलं, पंक्चर निघालं, उद्या जाऊ. हो म्हणाली.

२० नोव्हें., बुध.
गाडी पुसून सोसायटीच्या गेटजवळ लावली. वर येऊन तिला तयार केलं. पावडर लावली, पर्स घेतली. जिना माझाच हात धरून उतरली, हे मुद्दाम लिहून ठेवतोय.
गाडी सुरू केली, म्हटलं, बस. बसेना. वाटलं, हेल्मेटमुळे. काढलं, वळून तोंड दाखवलं. हसली. रिक्षावाल्याला नको म्हणताना हसते तशी.
"नको भाऊ, तुम्ही व्हा पुढे. माझे मिस्टर येतायत."
अगं मीच, म्हणालो असेन दोनदा-तीनदा. ती मागे सरकायला लागली, पर्स छातीशी धरली. वॉचमन बघत होता. मग गाडी बंद केली, स्टँडवर लावली.
वॉचमनच्या बाकावर जाऊन बसली. मी विचारलं, मी पण थांबू का इथे? थांबा की, म्हणाली, आणि सरकून जागा दिली.
रडू आवरलं नाही. तिने बघितलं. मग विचारलं, तुम्हालाही कोणी न्यायला यायचंय का?
हो म्हटलं.
"येतील हो. आमच्यांना पण आज उशीर झालाय, गाडी पंक्चर आहे त्यांची. पण येतात. मला एकटीला कधी यावं लागलं नाही."
दिवे लागेपर्यंत बसलो दोघं. वर चला, चहा घेऊ, म्हटलं तेव्हा आली, पण दोन पावलं लांबून. जिन्यावर हात दिला, घेतला नाही.
केतकीला फोन केलेला नाही. उद्या गाडी काढायची की नाही, ठरत नाही. कदाचित उद्या ओळखेलही. बाहेरच्या खोलीतून विचारतेय, भाऊ, किती वाजले हो? सांगून येतो.