बारा पूर्णांक आठ, अहो आई!

अहो आई,

गाडी पास झाली! आज सकाळी इथल्या तपासणी केंद्रातला प्रुफर, म्हणजे तपासनीस, बराच वेळ बॉनेटखाली डोकं घालून उभा होता. मग त्याने सायलेन्सरला नळी लावून धूर तपासला आणि शेवटी 'पास्ट', म्हणजे जर्मनमध्ये 'ठीक आहे', एवढंच बोलून शिक्का मारला. माझं बदललेलं इंजिन आता कायदेशीर झालं. ही बातमी सगळ्यांत आधी तुम्हाला सांगायची, असं आपलं ठरलं होतं. तुम्ही नाही आहात म्हणून ठरलेलं मोडायचं का? म्हणून लिहायला बसले.

आठवतंय, तुम्ही नाशिकहून पहिल्यांदा इथे जर्मनीत, रेगेन्सबर्गला आलात तेव्हा ही जुनी दोन दारांची गाडी गॅरेजमध्ये अर्धी उघडी पडली होती? दुसऱ्या एखाद्या सासूने सुनेच्या नखांतलं ग्रीस बघून नाक मुरडलं असतं. तुम्ही स्टूल ओढून बसलात आणि विचारलंत, "हिचं नक्की दुखतंय कुठे?"

दुखत काहीच नव्हतं. मीच हौसेने मोठे इंजेक्टर आणि नवा कॅमशाफ्ट बसवला होता, आणि आता पेट्रोल आणि हवेचं प्रमाण नव्याने जुळवायचं होतं. धुराच्या पाइपात वाइडबँड सेन्सर बसवतात, तो धुरातल्या ऑक्सिजनवरून प्रमाणाचा आकडा दाखवतो, असं मी तुम्हाला सांगितलं. आकडा मोठा तर मिश्रण पातळ, लहान तर दाट. तुम्हाला ते इतकं आवडलं की त्या संध्याकाळपासून घरातली आमटीसुद्धा आकड्यांत मोजली जाऊ लागली. पाणीदार झाली की तुम्ही गंभीरपणे 'सोळा' म्हणायचात, आणि मंदार, तुमचा गुणी मुलगा, सोळाची आमटी मुकाट्याने भुरकायचा.

परवानगी मिळेपर्यंत गाडी रस्त्यावर आणायची नाही, हा इथला नियम. त्यामुळे शनिवारी ती ट्रेलरवर चढवून गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर न्यायची. तुम्हाला तो केवढा अपमान वाटायचा! गाडीला गाडीवर बसवून नेतात हे नाशिकला कुणाला सांगू नकोस, म्हणायचात. पास झाल्यावर हिच्या स्वतःच्या चाकांवर डोनाऊ नदीच्या काठाने तुम्हाला फिरवायचं, हे वचनही तुम्ही तिथेच घेतलंत.

धावपट्टीवर माझे डोळे समोर हवेत, म्हणून आकड्याचा गेज मी तुमच्या बाजूला बसवला होता. लॅपटॉप सगळं नोंदवायचाच, पण ते नंतर बघायचं. चालवताना कुणीतरी आकडा बोलून दाखवायला हवा, आणि सोसायटीत कोजागिरीला हौजीचे नंबर पुकारणाऱ्या बाईपेक्षा ते काम दुसरं कोण चांगलं करणार? पदर खोचून, वर बेल्ट लावून, तुम्ही खणखणीत आवाजात पुकारायचात. जोर लावल्यावर आकडा बारा पूर्णांक आठच्या आसपास हवा, एवढं मी तुम्हाला सांगून ठेवलं होतं.

तेच चुकलं माझं!

त्या दिवशी तुम्ही लागोपाठ 'बारा पूर्णांक आठ' पुकारत होतात आणि मी खुशीत ॲक्सिलरेटर दाबत होते. अचानक इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला. मी पाय काढता काढता गेजकडे पाहिलं, तर चौदाच्या वर! एवढ्या पातळ मिश्रणावर आणखी थोडा वेळ गेला असता तर पिस्टनची वाट लागली असती. गाडी थांबवून मी तुमच्याकडे वळले. तुम्ही चष्मा पुसत होतात.

"अगं, खरा आकडा सांगितला की तुझा चेहरा पडतो," तुम्ही म्हणालात.

अहो आई, सुनेला बरं वाटावं म्हणून इंजिनाचा आकडा गोड करून सांगणारी सासू जगाच्या पाठीवर दुसरी असेल का? मला रागवायचं होतं, पण हसूच आवरेना. त्यानंतर मात्र तुम्ही कधी दयामाया दाखवली नाहीत.

तुम्ही नाशिकला परतलात आणि थंडीत एका सकाळी चहा पिऊन झाल्यावर शांतपणे गेलात. तुमचे दिवस करून आम्ही नाशिकहून परत आल्यावर मी गाडीवर कव्हर टाकलं. काम थोडंच उरलं होतं, पण रिकाम्या सीटशेजारी बसून ते करवेना. मंदार तर गॅरेजकडे फिरकतच नव्हता. तुमचं नाव निघालं की तो उठून भांडी घासायला लागायचा. ही गाडी आता अशीच राहणार, असं मला वाटायला लागलं होतं.

गेल्या महिन्यात एका शनिवारी त्यानेच कव्हर काढलं, ट्रेलर जोडला आणि धावपट्टीवर तुमच्या सीटवर जाऊन बसला. वेगाला घाबरणारा तुमचा मुलगा! मी ॲक्सिलरेटर दाबला तसा तो दाराची मूठ घट्ट धरून म्हणाला, "बारा पूर्णांक आठ." अगदी तुमच्या हेलात.

"खरं सांगतोयस ना?" मी विचारलं.

"मी आई नाहीये," तो म्हणाला.

आम्ही इतके हसलो की गाडी थांबवावी लागली. हसता हसता तो रडायला लागला, आई. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच. मी त्याला रडू दिलं, आणि मग उरलेलं काम आम्ही त्याच दुपारी पूर्ण केलं.

तर आता माझं वचन. येत्या रविवारी डोनाऊच्या काठाने, हिच्या स्वतःच्या चाकांवर जायचंय. गेजची आता गरज नाही, पण तो तुमच्या बाजूलाच राहील आणि मंदार आकडे पुकारेल. माझ्या तोंडाकडे बघून त्याने एखादा आकडा गोड केलाच, तर तुमचा मुलगा म्हणून माफ करीन. एकदाच हं!

तुमची सून आणि ड्रायव्हर,
सायली