खिडकी लावून केलेली प्रार्थना

गेवराई, रविवार संध्याकाळ

आज प्रार्थनेची पाळी आमच्या घरी होती. चर्चची आम्ही काही मंडळी दर आठवड्याला डब्यातून एका देशाची चिठ्ठी काढतो आणि ज्याचं घर, त्यानं तिथल्या ख्रिस्ती लोकांसाठी प्रार्थना करायची, मग सगळ्यांनी गाणं म्हणायचं. आज पाकिस्तान निघालं. मी तोंड उघडायच्या आत मंडळीतले शांतवनकाका म्हणाले, "खिडकी लावून घे बाई. शेजारी हमीदाला ऐकू गेलं तर उगं वाईट वाटंल तिला."

मी मुकाट्यानं लावली. कशाला लावली? आई दवाखान्यात होती तेव्हा तीन आठवडे डबा हमीदाच्याच घरून येत होता. पाकिस्तानातल्या थोड्याशा ख्रिस्ती लोकांना निर्धास्त राहता यावं, एवढंच तर मागायचं होतं. त्यात तिला वाईट वाटण्यासारखं काय?

पण खरं लिहायचं तर मी एवढंच मागितलं नाही. 'त्या लोकांच्या हातून सोडव' असंही म्हणाले. ते लोक म्हणजे कोण? खिडकी उघडी असती तर हे शब्द तोंडून निघाले नसते.

सगळे गेल्यावर खिडकी उघडली. हमीदा अंगणात गहू निवडत बसली होती. म्हणाली, "खिडकी कावून लावली गं? तुमचं गाणं ऐकू न्हाई आलं आज."



काकांना फोन करून सांगून टाकलंय. पुढच्या रविवारी चिठ्ठी काढायची नाही, पुन्हा आमच्याच घरी आणि पुन्हा पाकिस्तानच. प्रार्थना मीच करणार, खिडकी सताड उघडी ठेवून. जे हमीदासमोर म्हणता येत नाही, ते देवासमोरही म्हणायचं नाही.